थेंब थांबवायचाय? आधी स्पंदाची रुंदी बघ

गोष्ट एलईडीच्या स्ट्रोबोस्कोपची, म्हणजे भराभर लुकलुकून हलती वस्तू थांबलेली दाखवणाऱ्या दिव्याची. दिवा एका वेळी पेटतो तो स्पंद, आणि जेवढा वेळ पेटलेला राहतो ती स्पंदाची रुंदी. पावसाळ्यात रत्नागिरीत थेंबांसाठी सामान शोधावं लागत नाही, कौलांवरून पागोळ्या गळतच असतात. तरी तू सुरुवात ब्युरेटपासून, म्हणजे थेंब थेंब सोडणाऱ्या तोटीच्या काचनळीपासून कर. २० सेंमी पडलेल्या थेंबाचा वेग सेकंदाला साधारण २ मीटर असतो. एलईडी एक मिलिसेकंद पेटला तर तेवढ्यात थेंब २ मिमी सरकतो आणि फोटोत नुसती रेघ येते. १०० मायक्रोसेकंदांवर आण, ०.२ मिमीवर भागतं. खोली अंधारी, शटर उघडं. नवी मुलं वारंवारितेशी (सेकंदाला किती स्पंद) खेळत बसतात नि रुंदी विसरतात.

स्पंद लहान झाला की उजेड कमी पडणारच. करंट वाढव, पण डेटाशीट (एलईडीच्या मर्यादांचा कागद) उघडून. २० मिलिअँपिअरचा साधा एलईडी क्षणभर जास्त सोसतो, सतत नाही. त्यामुळे करंट आवरणारा रोधक काढून टाकायचा शहाणपणा नको.

पंख्याचा वेग मोजताना एका पात्याला पांढरी पट्टी चिकटव. तिन्ही पाती सारखी, त्यामुळे पंखा भलत्याच वारंवारितेलाही थांबलेला दिसतो. पट्टी एकच आणि स्थिर दिसेल अशी सर्वांत मोठी वारंवारिता खरी. जुन्या चोकची ट्यूब बंद ठेव, ती सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. आणि वर्गात कुणाला फिट्स येतात का, हे आधी विचार; १५ ते २५ हर्ट्झचा झगमगाट त्यांना घातक ठरू शकतो.

ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता तारा खोचायच्या पाटीवर, फार दिवस राहू नकोस. खाऱ्या हवेने आतल्या क्लिपा गंजतात, स्पंद मधेच गायब होतो आणि आपण प्रोग्राम तपासत बसतो. सर्किट सोल्डर करून ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव.