मक्यात पडलेलं रॉकेट आवाजावर शोधायचं

प्रश्न : मुलीकडे एस्टेस कंपनीचं ‘बिग बर्था’ हे मॉडेल रॉकेट आहे. मैदानाला लागून उभा मका आहे. पॅराशूट तिकडे वाहवलं की रॉकेट चार हातांवर असूनही दिसत नाही. साधा अलार्म घरी करता येईल का?
– एक वाचक, आयोवा

उत्तर : येईल. 3 ते 24 व्होल्टचा अ‍ॅक्टिव्ह बझर (बॅटरी जोडताच आपोआप वाजणारा), होल्डरसह 12 व्होल्टची ए23 बॅटरी आणि 3.5 मिलिमीटरचा मोनो जॅक व प्लग, एवढ्यावर काम भागतं. नुसती पायझो चकती चालणार नाही. तिला बॅटरी लावली तर एकदा ‘टिक्’ होतं, बस. सलग वाजणाऱ्यापेक्षा थांबून-थांबून वाजणारा बझर घ्या, दिशा लवकर कळते.

जॅक आतल्या स्विचचा हवा: प्लग आत असेपर्यंत संपर्क तुटलेला, निघाला की जुळलेला. बॅटरीचं धन टोक बझरच्या लाल तारेला, काळी तार जॅकमधल्या, प्लगच्या टोकाला टेकणाऱ्या पत्तीला, स्विचची पत्ती ऋण टोकाला. पत्त्या मल्टीमीटरने ओळखूनच सोल्डर करा. प्लगला तार जोडायची नाही, फक्त दोरी.

बहुतेक अलार्म फसतात ते या दोरीपायी. सगळा संच नोज कोनमध्ये, म्हणजे रॉकेटच्या टोकदार नाकात, जॅकचं तोंड खाली. नाक आणि बॉडी ट्यूब (रॉकेटची मुख्य नळी) यांना जोडून ठेवणारी दोरी म्हणजे शॉक कॉर्ड. प्लगची दोरी बॉडी ट्यूबकडच्या बाजूला शॉक कॉर्डला बांधा आणि ती शॉक कॉर्डपेक्षा बरीच आखूड ठेवा. लांब राहिली तर पॅराशूट उघडेल, पण प्लग जागचा हलणार नाही. ओढ सरळ हवी. तिरकी बसली तर प्लग अडकतो. झटका मात्र नोज कोनच्या कडीनेच सोसायचा, जॅकने नव्हे. दोरी केव्हलरची घ्या, इजेक्शनच्या, म्हणजे पॅराशूट बाहेर ढकलणाऱ्या स्फोटाच्या, गरम वायूत नायलॉन वितळतं. वॅडिंगमध्ये (पॅराशूटखाली भरायचा, आग न धरणारा कागद) काटकसर नको. काजळी बझरच्या भोकात बसली की आवाज दबतो. त्या भोकावर कारखान्याचा स्टिकर असेल तर तो आधी काढा, हे हमखास राहून जातं. बॅटरी होल्डरला झिप टायने आवळा, नाहीतर झटक्याने निसटेल.

वजन काट्यावर बघाच. सी6-5 मोटरला मोटरसकट 113 ग्रॅमपर्यंतच रॉकेट पेलतं. भार नाकात असल्याने स्थैर्याला उलट मदतच होते, पण मर्यादा ओलांडली तर रॉकेट कमी उंचीवर वळतं आणि पॅराशूट उशिरा उघडतं.

उडवण्याआधी अलार्म वाजता ठेवून मक्यात लपवा आणि 50 पावलांवरून मुलीला शोधायला लावा.