लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपवासकाळात, रोजची प्रार्थना कशी करावी, म्हणजे देवाबरोबर शेजाऱ्यावरचंही प्रेम वाढेल?
प्रार्थना लांबलचक नको, पण त्यात रोज एका माणसाचं नाव हवं. लेंट सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत रविवार वगळून 40 दिवस मिळतात. इकडे नवापूरला मी पहाटे चूल पेटवण्याआधी प्रभूचे आभार मानते, मग शेजारपाजारच्या एकाचं नाव घेते. बांधावरून ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याचंही. तेच सगळ्यात जड जातं, खरं सांगते. बायबलमध्ये मार्क 12:29-31 इथे येशूने देवावर प्रेम कर आणि शेजाऱ्यावर प्रेम कर या दोन्ही आज्ञा एकत्रच सांगितल्या आहेत. म्हणून ज्याचं नाव घेतलं, त्याच्या दारी त्याच दिवशी जा. उपवासाच्या दिवशी आपल्या वाटची भाकरी-भाजी शेजारच्या एकट्या आजीला द्या, ती ख्रिस्ती नसली तरी. आणि लगेच उठू नका, तिचं ऐकत थोडं बसा.