मुलीला दहावीत मराठीत ७८ पडले. परीक्षक पेपर खरंच वाचतात का? पुनर्मूल्यांकनाला टाकावं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलीला बाकीच्या पाचही विषयांत ८९ च्या वर आहेत, शाळेत दरवर्षी निबंधाचं बक्षीस तिचंच, आणि नेमके मराठीतच ७८. "तपासणारे नुसती पानं उलटतात का" असंही विचारलंय. मी बावीस वर्षं दहावीची मराठी तपासली, त्यातली शेवटची सहा नियामक म्हणून, म्हणजे इतर परीक्षकांची तपासणी बघणारा. आता निवृत्त आहे, त्यामुळे आडपडदा न ठेवता सांगतो.

आधी ते ७८ फोडून बघा. गुणपत्रिकेवर शंभरपैकीचा आकडा येतो, पण मंडळाच्या परीक्षकाच्या हातात त्यातले फक्त ८० असतात. उरलेले २० शाळेने दिलेले. शाळेत विचारून घ्या. तिथे १९ असतील (असतीलच, खाली का ते सांगतो) तर लेखीत ५९ झाले. म्हणजे ८० पैकी २१ गेले. चिंता करायची तर या आकड्याची करा.

शाळेच्या २० गुणांबद्दल. मी स्वतः तोंडी घेत असे. पोरगं कविता म्हणताना दोनदा अडखळलं तरी १८ च्या खाली उतरायची माझी हिंमत होत नसे, कारण ओढ्यापलीकडची शाळा सरसकट २० देते हे मला ठाऊक होतं, आणि माझ्या प्रामाणिकपणाची किंमत त्या पोराने का मोजायची? २०१८ ला दहावीचा राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे हे गुण काढले, आणि निकाल ७७.१० वर आला. अभ्यासक्रम नवा होता, कृतिपत्रिकेचा साचा नवा होता, हेही खरं. पण ओरड झाली, गुण परत आले, आणि २०२० चा निकाल ९५.३०. त्या वर्षी कोरोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन सरासरीने गुण मिळाले, तेही धरा. तरी एका वर्षात अख्ख्या राज्यातली मुलं एवढी हुशार झाली असं मी तरी म्हणणार नाही.

आता वाचतात का. वाचतात, पण तुम्ही पत्र वाचता तसं नाही. मराठी कुमारभारतीच्या ८० गुणांत गद्य १८, पद्य १६, स्थूलवाचन ६, भाषाभ्यास १६ आणि उपयोजित लेखन २४. यातल्या आकृत्या, समास, वाक्प्रचार, समानार्थी शब्द यांना वाचणं म्हणतच नाहीत. नजर टाकली की बरोबर-चूक कळतं, आणि तिथे अन्याय सहसा होत नाही. खरी गंमत स्वमत, रसग्रहण, पत्र आणि शेवटच्या ८ गुणांच्या लेखनात आहे. आणि तुम्हाला आवडणार नाही, पण निबंधाची बक्षिसं मिळवणारी मुलं हमखास इथेच मार खातात.

त्याचं कारण नमुना उत्तरपत्रिका. तपासणी सुरू होण्याआधी नियामकांच्या बैठकीत ठरतं की कशाला किती द्यायचे. रसग्रहणात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्यं हे तिन्ही मुद्दे यायला हवेत. एखादी मुलगी कवितेत इतकी रमते की आशयावरच दीड पान सुंदर लिहिते, आणि भाषेबद्दल चकार शब्द नाही. मग मी काय करणार? वाचताना "वा!" म्हणायचं आणि गुण कापायचे. त्याच वेळी शेजारच्या पेपरात गाइडातलं पाठ केलेलं रसग्रहण असतं, तीन परिच्छेद, तिन्ही मुद्दे हजर, जीव कुठेच नाही. त्याला पूर्ण. पत्राचंही तसंच. तारीख, विषय, खाली पत्ता आणि ई-मेल हा साचा चुकला की मजकूर कितीही चांगला असो, कात्री लागते. मला हे कधीच पटलं नाही, पण साचा नसता तर प्रत्येक परीक्षकाने आपापल्या आवडीप्रमाणे गुण वाटले असते, आणि ते याहून वाईट. ज्याला अलंकारिक भाषेची ॲलर्जी आहे अशा गुरुजींच्या तावडीत तुमची मुलगी सापडली असती तर ५९ सुद्धा मिळाले नसते.

माणूस तपासतो म्हटलं की माणसाच्या चुकाही आल्या. पेपर येतात ते ऐन मार्चमध्ये. शाळा चालू, नववीची परीक्षा तोंडावर, आणि मानधन किती ते विचारू नका. तरी ठरलेल्या तारखेला गठ्ठा नियामकाकडे पोचलाच पाहिजे. परीक्षक झाल्यावर तिसऱ्या वर्षी माझा एक गठ्ठा नियामक सरांनी परत केला. बोलले काहीच नाहीत, फक्त पहिले दहा आणि शेवटचे दहा पेपर शेजारी शेजारी मांडले. सकाळच्या पेपरांत ८ पैकी ५ आणि ६, संध्याकाळच्यांत तशाच लेखनाला ३ आणि ४. अक्षर किचकट असलेले दोन तर मी अगदीच टाकून दिले होते. रात्री जागून सगळा गठ्ठा पुन्हा तपासला. तेव्हापासून मी पेपरमागून पेपर तपासणं सोडलं. आधी सगळ्यांचं पत्र, मग सगळ्यांचं रसग्रहण, असं प्रश्नवार करायचो. वेळ जास्त जातो, पण तुलना तरी डोळ्यांसमोर राहते. सगळे परीक्षक असं करत नाहीत, करू शकतही नाहीत.

नियामक म्हणून मला सापडलेल्या चुका मात्र बहुतेक याहून साध्या होत्या: बेरीज चुकलेली, आतल्या पानावरचा ४ मुखपृष्ठावर उतरवायचा राहिलेला, किंवा पुरवणीतलं उत्तर तपासलंच नाही. एका पेपरात पुरवणीच्या पाठीमागे अख्खं आत्मकथन होतं आणि त्यावर लाल शाईचा ठिपकाही नव्हता. तो गठ्ठा नियमनासाठी माझ्या हाताखाली आला म्हणून सापडला. नियामक प्रत्येक पेपर बघत नाही, काढून काढून बघतो.

म्हणून टाकायचं असेल तर क्रम असा ठेवा. आधी तपासलेल्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. गेल्या काही वर्षांत तिचे विषयाला ४०० रुपये आहेत. नुसत्या गुणपडताळणीचे ५०, पण त्यात फक्त सगळी उत्तरं तपासली का आणि बेरीज बरोबर आहे का एवढंच बघतात, उत्तर पुन्हा वाचत नाहीत. पुनर्मूल्यांकनाचे ३००, आणि ते छायाप्रत हातात आल्याशिवाय मागताच येत नाही. प्रत मिळाल्यापासून कामाचे पाच दिवस मिळतात, ते फार पटकन जातात. यंदाचे दर आणि तारखा मंडळाच्या परिपत्रकात बघून घ्या.

हे ४०० रुपयांत मिळतंय ते आपसूक आलेलं नाही. पूर्वी मंडळाचा नियमच होता की पेपर दाखवायचा नाही आणि फेरतपासणी नाही. आपल्याच राज्य मंडळाच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालय विद्यार्थ्यांच्या बाजूने गेलं होतं, पण १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून मंडळाचा नियम कायम ठेवला. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात बघता येते हे त्याच न्यायालयाने सीबीएसईच्या खटल्यात म्हटलं २०११ साली.

एक हिशेब मात्र तुम्ही केलेला दिसत नाही. २०१० पासून टक्केवारी सहापैकी सर्वोत्तम पाच विषयांची धरतात. तुमच्या मुलीचे बाकी पाच ८९ च्या वर आहेत, म्हणजे मराठी तिच्या टक्केवारीत नाहीच. ७८ चे ८५ झाले तरी अकरावीच्या यादीत तिचा नंबर एका घरानेही हलणार नाही. प्रवेशासाठी खटपट करत असाल तर करू नका.

पण मुलगी रडली असंही तुम्ही लिहिलंय. तेवढ्यासाठी छायाप्रत मागवाच. आली की तिच्यासोबत बसून आधी पुरवणी बघा, प्रत्येक उत्तरावर गुण आहेत का ते बघा, मग सगळी बेरीज स्वतः करा. हे सगळं बरोबर निघालं तर रसग्रहण आणि पत्राची पानं इथे टाका, बैठक क्रमांक आणि नाव झाकून. साच्यात चुकलंय की परीक्षक संध्याकाळी दमला होता, ते पानं बघितल्यावर सांगतो.