गुन्ह्यांचे आकडे पहिल्यांदा हातात घेताना

संकेत, तुझा तक्ता बघितला. मेहनत घेतलीयस, पण 2020 चा उंचवटा बघून 'देशात गुन्हेगारी उसळली' असं लिहून मोकळा झालास, ते आधी खोड. त्या वर्षी लॉकडाऊन मोडणाऱ्यांमुळे सरकारी आदेश न पाळण्याचे (भारतीय दंड संहितेच्या कलम 188 खालचे) गुन्हे 2019 च्या सुमारे 29 हजारांवरून सहा लाखांवर गेले. चोऱ्या तर उलट घटल्या. लोक घरातच होते, चोरानं जायचं कुठं?

सुरुवातीला एवढंच सांभाळ:

- हे पोलिसांत नोंदलेले गुन्हे आहेत, घडलेले सगळे नव्हेत. खानापुरात कुणाची सायकल गेली नि तो ठाण्याची पायरीच चढला नाही, तर ती आकड्यात नाही.
- नुसती संख्या नको, लाख लोकसंख्येमागचा दर घे.
- एका एफआयआरमध्ये चार कलमं असली तरी सगळ्यांत गंभीर गुन्हाच मोजला जातो. खून आणि चोरी एकत्र असेल तर नोंद खुनाची.

आणि आपल्या बेळगावची गंमत. 2014 ला शहराला पोलीस आयुक्तालय मिळालं. मी पहिल्यांदा आधीच्या अख्ख्या जिल्ह्याच्या ओळीशी नंतरची, शहर वगळलेली जिल्ह्याची ओळ ताडून बघितली नि गुन्हे घटले म्हणून खडेबाजारात चहा पाजत सुटलो! शहराची ओळ वेगळी असते, हे नंतर उमगलं. दोन्हींची बेरीज कर.

1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आलीय, कलमांचे क्रमांक बदललेत. त्यात आताच शिरू नकोस. आधी फक्त खुनाचे दहा वर्षांचे आकडे मांड. खून सहसा लपत नाही.