नेफेश : आत्मा की जीव?

प्रश्न : बायबलच्या जुन्या करारातल्या ‘नेफेश’ या हिब्रू शब्दाचा अर्थ ‘आत्मा’ असा वाचला. तो बरोबर आहे का? (वाचक, पुणे)

उत्तर : बहुतेक ठिकाणी नाही. आत्मा म्हटले की मराठी वाचकाला गीतेतला, शस्त्रांनी न तुटणारा आणि अग्नीने न जळणारा आत्मा आठवतो. नेफेश मरतो. ‘पाप करणारा नेफेश मरेल’ असे यहेज्केल १८:४ मध्ये स्पष्ट आहे. शमशोन शत्रूंच्या, म्हणजे पलिष्ट्यांच्या, देवळाचे खांब रेटताना ‘माझा नेफेश पलिष्ट्यांबरोबर मरो’ म्हणतो (शास्ते १६:३०). गणना ६:६ मधला ‘मृत नेफेश’ म्हणजे तर सरळ प्रेत.

शब्दाचे मूळ शरीरातच आहे. तो आधी गळा. अक्कादी भाषेतला त्याचा भाऊबंद ‘नपिश्तु’ही गळा आणि प्राण या दोन्ही अर्थांनी येतो. यशया ५:१४ मध्ये शिओल, म्हणजे मेलेल्यांचा अधोलोक, आपला नेफेश रुंद करतो आणि तोंड अमर्याद पसरतो. इथे ‘आत्मा’ घातला तर काहीच अर्थ लागत नाही. ‘गळा’ घातला की सगळे समोर दिसते. स्तोत्र ६९ मधला बुडणारा माणूस ‘पाणी नेफेशपर्यंत आले’ असे ओरडतो. आपण ‘पाणी गळ्याशी आले’ म्हणतो, तेच हे.

गळ्यातून श्वास जातो, म्हणून श्वास. श्वास आहे तोवर प्राण. प्राण आहे तो प्राणी, आणि शेवटी नुसती व्यक्ती. निर्गम १:५ मधले याकोबाच्या वंशातले सत्तर नेफेश म्हणजे सत्तर माणसे. भूक आणि इच्छाही त्यातच आल्या. रानात मान्ना खाऊन कंटाळलेले इस्राएली लोक गणना ११:६ मध्ये ‘आमचा नेफेश सुकला’ म्हणतात. तिथे घशाची कोरड ऐकू येते. पुढे २१:५ मध्ये त्यांचा नेफेश त्या हलक्या अन्नाला विटतो. तिथे ‘जीव विटला’ यापेक्षा चांगले मराठी नाही. जीव कंठाशी येतो, जीव विटतो, जीव जातो, चार जिवांचे पोट भरायचे असते. हे सगळे एका शब्दात बसवणारी भाषा आपल्याकडे असताना ‘आत्मा’ घेणे म्हणजे वाचकाला भलत्याच दाराशी नेणे आहे.

याच धातूचे क्रियापदही पाहण्यासारखे आहे. निर्गम २३:१२ मध्ये सातव्या दिवशी बैल आणि गाढव यांना विसावा मिळावा, आणि दासीच्या मुलाला व परक्याला ‘यिन्नाफेश’ व्हावे, म्हणजे दम खाता यावा, असे सांगितले आहे. त्याच अध्यायाच्या नवव्या वचनात ‘परक्याचा नेफेश तुम्हाला ठाऊक आहे, कारण मिसर देशात तुम्हीही परके होता’ असे येते. परक्याच्या जिवाला काय होते ते तुम्ही सोसले आहे, असा त्याचा रोख. ही दोन वचने जवळजवळ ठेवून वाचावीत.

प्रश्न : देवाने माणसात नेफेश घातला ना? (वाचक, नाशिक)

उत्तर : उत्पत्ती २:७ नीट पाहा. नाकपुड्यांत फुंकला तो ‘निशमत हय्यीम’, जीवनाचा श्वास. त्यानंतर माणूस ‘नेफेश हय्या’, जिवंत जीव, झाला. झाला, त्याला तो मिळाला नाही. आणि हीच शब्दजोडी १:२० मध्ये पाण्यातल्या जलचरांसाठी आधीच आलेली आहे.

प्रश्न : कोकणातल्या बेने इस्राएल (मराठी ज्यू) घरांत मांस मीठ लावून का ठेवतात? याचा या शब्दाशी संबंध आहे का? (वाचक, पनवेल)

उत्तर : थेट आहे. लेवीय १७:११ सांगते, ‘देहाचा नेफेश रक्तात आहे’, आणि अनुवाद १२:२३ मध्ये ‘रक्त हाच नेफेश, मांसाबरोबर नेफेश खाऊ नको’ अशी आज्ञा आहे. म्हणून विधिपूर्वक कापलेल्या जनावराचे मांस अर्धा तास पाण्यात भिजवतात, निथळून सर्व बाजूंनी जाडे मीठ लावतात आणि रक्त वाहून जाईल अशा उतरत्या फळीवर तासभर ठेवतात. मग तीन वेळा धुतात. फार बारीक मीठ लगेच विरघळते आणि रक्त ओढले जात नाही. फार खडेमीठ मांसाला चिकटत नाही, गळून पडते. यकृत (कलेजी) रक्ताने इतके भरलेले असते की मिठाने भागत नाही; ते चिरून उघड्या विस्तवावर भाजावे लागते.

शिवाय त्यांच्या दाराच्या उजव्या चौकटीवरच्या मेझुझातल्या, म्हणजे तिथे बसवलेल्या छोट्या डबीतल्या, चर्मपत्रावर नेफेश तीनदा लिहिलेला असतो : अनुवाद ६:५, ११:१३ आणि ११:१८. पहिल्या जागी ‘पूर्ण नेफेशने देवावर प्रीती कर’ अशी आज्ञा आहे. मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या प्राचीन संग्रहातल्या ब्राखोत ९:५ मध्ये तिचा अर्थ दिला आहे : त्याने तुझा नेफेश घेतला तरीही. म्हणजे जिवावर बेतले तरी.

प्रश्न : हिब्रू मजकुरात हा शब्द शोधायला गेलो की सापडतच नाही. काय चुकते? (वाचक, सोलापूर)

उत्तर : तो उघडा फार वेळा येत नाही, मागेपुढे काहीतरी जोडलेले असते. अनुवाद ६:५ मधले ‘उव्खोल नफ्शेखा’ घ्या. ‘उ’ म्हणजे आणि, ‘व’ म्हणजे ‘ने’, ‘खोल’ म्हणजे सर्व. ‘नफ्शेखा’ मधला ‘खा’ म्हणजे तुझा. तो काढला की नून, पे, शीन ही तीन व्यंजने उरतात. कोशात त्यांवर पाहायचे. प्रत्यय लागला की पहिला ‘ए’ बदलून ‘अ’ होतो, म्हणून ‘माझा जीव’ हे ‘नफ्शी’ होते. अनेकवचन ‘नेफाशोत’. स्ट्राँगच्या बायबल शब्दसूचीतल्या क्रमांकाने शोधत असाल तर ५३१५ घ्या.

अर्थ ठरवताना आधी क्रियापद पाहा : सुकणे, रुंद होणे, भरणे असेल तर गळा किंवा भूक; मरणे, वाचवणे असेल तर प्राण; मोजदाद असेल तर माणसे. मग ओळीच्या दुसऱ्या अर्ध्यात जोडीला कोणता शब्द आला आहे ते पाहा; हिब्रू कविता एकच गोष्ट दोनदा सांगते. आणि स्तोत्रांत वचनक्रमांक एकाने मागेपुढे होतो, कारण अनेक स्तोत्रांचे शीर्षक हिब्रू छपाईत पहिले वचन धरतात. वर सांगितलेली गळ्याशी आलेल्या पाण्याची ओळ मराठीत ६९:१ असेल, हिब्रूत ६९:२.