गुळवेलीचा अर्क, सत्त्व की काढा?

प्रश्न असा आला आहे: गंगापूर रोडवरच्या एका दुकानात बाटलीवर 'गुळवेल अर्क' आणि शेजारच्या डबीवर 'गुळवेल सत्त्व' लिहिलेलं होतं. दोन्ही एकच का? आणि एक्स्ट्रॅक्टला मराठीत नक्की काय म्हणायचं?

एकच नाहीत. बाटलीवरचा शब्द बहुधा चुकला आहे, आणि डबीवरचा बरोबर असूनही फसवा आहे.

आधी अर्क. संस्कृतात अर्क म्हणजे सूर्य, शिवाय रुईचं झाड. बाटलीतला अर्क तो नव्हे. तो अरबी 'अरक'वरून आला, म्हणजे घाम. भट्टीवरची वाफ नळीत गार होऊन थेंब धरते, ते घामासारखे. ओव्याचा अर्क, बडीशेपेचा अर्क, मद्यार्क, सगळे असेच गाळलेले. (नाशिककरांनी रागावू नये, पण आपली वाइन अर्क नव्हे, ती आंबवलेली, आसवाच्या कुळातली. तिची ब्रँडी गाळली की मग अर्क.) वाफेबरोबर जे उडतं तेवढंच अर्कात येतं. ओव्यातलं थायमॉल उडतं, म्हणून तो अर्क झणझणीत. गुळवेलीतलं बर्बेरिन किंवा तिची कडू डायटर्पिनॉइडं अशी उडत नाहीत, ती भांड्यातच राहतात. तेव्हा बाटलीतला 'अर्क' कडूजहर लागला तर तो काढा नाहीतर रस समजावा.

अर्थात बोलीत हा शब्द केव्हाच सैल झाला आहे. 'पोरगा म्हणजे बापाचा अर्क' म्हणताना कुणी भट्टी लावत नाही.

सत्त्वाची गोष्ट जास्त मजेची. पंचवटीतल्या आमच्या वाड्यात आजी ते घरी करायची. गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारातून बोटाएवढी जाड गुळवेल आणायची, कडुलिंबावर चढलेलीच हवी असा तिचा हट्ट. तुकडे ठेचून रात्रभर पाण्यात, सकाळी कुस्करून फडक्यानं गाळायचे, मग पाणी हलवायचं नाही. तळाशी पांढरा साका बसे. वरचं कडू पाणी ती हळूच ओतून टाकी आणि साका उन्हात वाळवी. जिभेवर ठेवला तर कपड्याच्या खळीसारखा, जवळजवळ बेचव. पुढे कॉलेजात असताना मी त्यावर आयोडीनचा थेंब टाकला; निळाजांभळा डाग पडला. म्हणजे मुख्यतः स्टार्च! ज्याला आपण सत्त्व म्हणून जपलं त्यातून कडू द्रव्यं बरीचशी मोरीत गेली होती. पण शब्दाला दोष नाही. नाचणीचं सत्त्व, आरारूट, हेही साकेच.

काढा म्हणजे पाण्यात उकळून आटवलेला. तो आणखी आटवून घट्ट केला की त्याला वैद्य 'घन' म्हणतात. संशमनी वटी गुळवेलीच्या घनाचीच. कच्च्या खोडाचा पिळलेला रस तो स्वरस.

म्हणून एक्स्ट्रॅक्टला एकच मराठी शब्द शोधू नये. हिंदीच्या धर्तीवर 'निष्कर्ष' लिहिलेला दिसतो, पण मराठीत निष्कर्ष चर्चेअंती निघतो, खोडातून नाही. 'उतारा' छान होता, तो सातबाऱ्यानं आणि विषानं आधीच अडवला. मी 'पाण्यातला घन', 'मद्यार्कात उतरवलेलं सार' असं लिहितो. लांबतं, पण कशात उतरवलं हे कळतं, आणि गुण त्यावरच ठरतो. पाण्यात पॉलिसॅकराइडं (साखरेच्या लांब साखळ्या) चांगली उतरतात, मद्यार्कात अल्कलॉइडं (बर्बेरिन त्यातलंच) जास्त. प्रतिकारशक्ती किंवा रक्तातली साखर यांवरचे प्रयोग कुठल्या ना कुठल्या ठरावीक सारावर, बरेचसे प्राण्यांवर झालेले असतात. ते 'गुळवेल गुणकारी' या दोन शब्दांत कोंबले की डबीतल्या स्टार्चलाही त्यांचं श्रेय मिळतं.

धोक्याचंही तसंच. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं, तेव्हा आयुष मंत्रालयानं ती दिसायला सारखी असलेली दुसरी वेल असू शकेल असं म्हटलं होतं. म्हणजे दुकानदाराला विचारायचे प्रश्न दोन: वेल कोणती, आणि कशात उतरवली.