‘मेनलाइन’ म्हणजे मुख्य प्रवाह? छे!

प्रश्न असा आलाय: अमेरिकेतल्या एका बातमीत ‘मुख्य प्रवाहातील प्रोटेस्टंट घटले’ असं वाचलं. मूळ शब्द ‘मेनलाइन’. भाषांतर बरोबर का?

चूक. आणि ही चूक मी इतक्यांदा वाचलीय की आता चिडायचाही कंटाळा येतो. ‘मेन’ दिसलं की ढकल मुख्य प्रवाहात! मेनलाइन म्हणजे एपिस्कोपल, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट असे जुने प्रोटेस्टंट पंथ. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेच्या पाहण्यांत अमेरिकी प्रौढांमधले मेनलाइनवाले २००७ साली १८ टक्के होते, २०२३-२४मध्ये ११. इव्हँजेलिकल, म्हणजे बायबल आणि धर्मप्रसारावर भर देणारे प्रोटेस्टंट, २६वरून २३. म्हणजे इव्हँजेलिकलांच्या निम्म्याहून लहान तो मुख्य प्रवाह?

खरी गंमत ‘लाइन’मध्ये आहे. पेन्सिल्व्हेनिया राज्याने कालवे आणि रूळ जोडून जो मार्ग बांधला त्याचं नाव ‘मेन लाइन’. १८५७मध्ये तो पेन्सिल्व्हेनिया रेल्वेने विकत घेतला, नाव मात्र राहिलं. फिलाडेल्फियाबाहेर त्याच्या कडेने आर्डमोर, हॅवरफर्ड, ब्रिन मॉर अशी स्टेशनं आणि भोवती धनिकांचे बंगले. रविवारी ही मंडळी एपिस्कोपल नाहीतर प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये. पंथांना नाव पडलं ते इथूनच, असं माझं ठाम मत.

काही कोशवाले नाक मुरडतात: ही लोककथा, ‘मेनलाइन’ म्हणजे नुसता मुख्य मार्ग. बरं, पण मार्ग कशाचा? लाइन रुळांची असते, पाण्याची नव्हे. डोंबिवलीकर ‘आम्ही मेन लाइनवाले’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात प्रवाह नसतो, हार्बरवाल्यांहून आपण वेगळे एवढंच असतं.

‘मुख्य प्रवाह’ म्हटल्याने वृत्तीचाही घोळ होतो. वाचकाला वाटतं, हे जुन्या वळणाचे. पण समलिंगी संबंध समाजाने स्वीकारावेत असं २०१४च्या पाहणीत मेनलाइनपैकी ६६ टक्क्यांनी म्हटलं, इव्हँजेलिकलांपैकी ३६. युनायटेड मेथडिस्टांनी तर २०२४मध्ये समलिंगी पाळकांवरची बंदीच उठवली.

आणि इव्हँजेलिकलांना ‘धर्मप्रसारक’ लिहिणाऱ्यांनो, एखाद्या मराठी ख्रिस्ती घरात बसून या. ‘सुवार्ता’ तिथे रोजच्या बोलण्यात आहे. ग्रीक ‘युआंगेलिऑन’ म्हणजे चांगली बातमी, सु-वार्ता. उपसर्गासकट इतकं चपखल भाषांतर क्वचितच सापडतं. ‘सुवार्तावादी’ म्हणा की! जर्मनीत मात्र जपून: तिथला ‘इव्हांगेलिश’ म्हणजे साधा प्रोटेस्टंट.

हां, मूळ प्रश्न राहिलाच. ‘जुने प्रस्थापित पंथ’ लिहा, नाहीतर ‘मेनलाइन’च ठेवा.